कोल्हापुरी चपलेच्या फोटोतील पांढरे चट्टे आणि बदललेला रंग : माझा अनुभव

तेल लावलेल्या कोल्हापुरी चपलेचा मोबाइलवर फोटो काढला, की पट्ट्यावर पांढरा चट्टा उमटत असे, वेणीचे पदर एकमेकांत मिसळून सपाट दिसत आणि बाभळीच्या सालीने व हिरड्याने कमावलेल्या कातड्याचा तपकिरी रंग नारिंगी होई. रंग वेगळा निघाला म्हणून माल परत येऊ लागला, तेव्हा फार मनस्ताप झाला. फ्लॅश, रिंग लाइट आणि भर उन्हातील गच्ची यांनी चमक वाढलीच. फिल्टरने रंग आणखी बिघडला.

उपाय लागू पडला तो असा. प्रथम कोरड्या सुती फडक्याने वर राहिलेले तेल टिपून घ्यावे. खोलीतील सर्व दिवे बंद करावेत, कारण दिव्याचा पिवळा आणि खिडकीचा निळसर प्रकाश एकत्र आला, की व्हाइट बॅलन्स (पांढरे पांढरेच दिसावे म्हणून कॅमेरा करतो ती रंगांची जुळवणी) एकाच वेळी दोन्हींना जुळत नाही. उत्तरेकडच्या खिडकीवर बटर पेपर ताणून लावावा आणि चपला करड्या कागदावर अशा ठेवाव्यात, की प्रकाश बाजूने, किंचित मागून येईल. त्यामुळे वेणीच्या प्रत्येक पदराला स्वतःची बारीक सावली मिळते. अंधाऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करावा. मग मोबाइल थोडा मागे नेऊन दुप्पट झूम घ्यावा (जवळून काढल्यास चपलेचा अंगठा फुगीर दिसतो), वेणीवर बोट दाबून फोकस लॉक करावा, एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) जरा उतरवावे आणि प्रो मोडमध्ये (कॅमेऱ्याची सेटिंग हाताने बदलता येतात त्या मोडमध्ये) व्हाइट बॅलन्स साधारण ६५०० केल्विनपासून (केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप) सुरू करून कागद पडद्यावरही करडाच दिसेपर्यंत बदलावा. एवढ्यानंतरही चट्टा उरलाच, तर चप्पल किंचित वळवावी. प्रकाश वाढवू नये.