जीटीओ अस्सल आहे का? आधी आकडे वाचा
जुन्या गाड्यांच्या शोमध्ये पॉन्टिअ‍ॅक जीटीओ या अमेरिकन दमदार गाडीसमोर उभे राहिलात की चकचकीत रंगाला भुलू नका. आधी गाडीचा ओळख क्रमांक बघा. 1966 ते 1971 च्या खऱ्या जीटीओचा क्रमांक 242 ने सुरू होतो. 237 दिसला तर ती मुळात लेमान्स (पॉन्टिअ‍ॅकचंच साधं मॉडेल), जीटीओचे बिल्ले मागाहून लावलेले. 1964-65 ला मात्र ही खूण चालत नाही, तेव्हा जीटीओ हे लेमान्सवर जास्तीचं घ्यायचं पॅकेजच होतं. तिथे कारखान्याच्या नोंदीची प्रत मागा.

मग टॉर्च घेऊन डिस्ट्रिब्युटरजवळ (इंजिनात ठिणगीची वीज वाटून देणारा भाग) इंजिनाच्या ब्लॉकवरची ओतकामाची तारीख शोधा. अक्षर म्हणजे महिना, मग तारीख, शेवटचा आकडा वर्षाचा: सी156 म्हणजे 15 मार्च 1966. गाडी त्याआधीच कारखान्यातून निघालेली असेल, तर इंजिन नक्की बदललेलं आहे, मालक काहीही सांगो.