गेम कंट्रोलरवर मींड घेताना स्मूदिंग किती ठेवावे?

पेटीला मींड येत नाही, ही तक्रार जुनी आहे. पट्टी दाबली की सूर लागतो, सोडली की थांबतो. दोन सुरांमधली वाट तिला ठाऊकच नाही. संगणकावरच्या सिंथमध्ये (आवाज तयार करणाऱ्या प्रोग्राममध्ये) ती वाट हवी असेल, तर कीबोर्डच्या शेजारी ठेवलेला साधा गेम कंट्रोलर पुष्कळ कामाचा ठरतो, कारण त्याच्या अंगठ्याखालच्या स्टिक सलग हलतात, स्प्रिंगने आपोआप मध्यावर येतात आणि बऱ्याच घरांत कंट्रोलर आधीपासूनच पडून असतो. अडचण जोडणी झाल्यावर सुरू होते. सूर ओढून धरला की तो किंचित कापत राहतो, आणि कापरेपणा घालवण्यासाठी स्मूदिंग, म्हणजे आकड्यांतले चढउतार सौम्य करणे, वाढवले की सूर बोटाच्या मागून रखडत येऊ लागतो. या दोन टोकांमधली जागा कशी शोधावी, एवढाच या लेखाचा विषय आहे. उजवा हात कीबोर्डवर, डाव्या अंगठ्याखाली स्टिक आणि स्टिकची आडवी दिशा पिच बेंडला, म्हणजे लागलेला सूर वर-खाली सरकवणाऱ्या नियंत्रणाला, जोडलेली, अशी मांडणी येथे गृहीत धरली आहे.

सुरुवातीलाच एक घोळ दूर करायला हवा. स्मूदिंग या एकाच शब्दाखाली दोन निरनिराळी कामे येतात. पहिले काम बोटाची थरथर आणि स्टिकमधील विद्युत खरखर गाळण्याचे; दुसरे काम आकड्यांच्या पायऱ्या आवाजात ऐकू येऊ नयेत म्हणून दोन आकड्यांमधला सांधा बुजवण्याचे. दुसऱ्या कामाला ५ ते १० मिलिसेकंद पुरतात, पहिल्याला बहुधा जास्त लागतात. दोन्ही कामे एकाच नॉबवर टाकली, तर एक नीट होते आणि दुसरे बिघडते.

पहिली पायरी: कच्चे आकडे पाहावेत

सर्व स्मूदिंग बंद करून स्टिककडून येणारे आकडे पडद्यावर छापून घ्यावेत. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतील पायगेम ही लायब्ररी वापरल्यास ते −१ ते +१ या दरम्यान दिसतात. विंडोजच्या एक्सइनपुट या कंट्रोलर वाचणाऱ्या भागात −३२,७६८ ते ३२,७६७. आणि ड्युअलशॉक ४ सारखा कंट्रोलर मुळात ० ते २५५ एवढेच आकडे देतो. आता चार गोष्टी कागदावर टिपाव्यात. स्टिकला हात न लावता आकडा कुठे उभा राहतो; डावीकडून सोडल्यावर आणि उजवीकडून सोडल्यावर तो त्याच जागी येतो का; अर्ध्यावर धरून ठेवल्यास किती हलतो; आणि शक्य तितक्या वेगाने हलवल्यास सेकंदाला किती हेलकावे होतात. माझ्याकडच्या जुन्या कंट्रोलरची स्टिक डावीकडून सोडली की १२५ वर आणि उजवीकडून सोडली की १३१ वर थांबते. हा दोष घासलेल्या पोटेन्शिओमीटरचा (स्टिकची जागा मोजणाऱ्या भागाचा) आणि सैल झालेल्या स्प्रिंगचा आहे. कितीही स्मूदिंग वाढवले तरी तो जाणार नाही, कारण तो आकडा थरथरत नाही, स्थिर राहूनच चुकलेला आहे.

दुसरी पायरी: डेडझोन बेताचा ठेवावा

मध्यावरच्या अशा चुकीवर उपाय डेडझोनचा, म्हणजे मध्याभोवतीचा ठरावीक पट्टा शून्य मानण्याचा. मात्र खेळांसाठी सुचवलेला डेडझोन संगीतात जसाच्या तसा घेऊ नये. एक्सइनपुटने डाव्या स्टिकसाठी दिलेला आकडा ७,८४९ आहे. ३२,७६७ पैकी तो जवळजवळ २४ टक्के होतो. धावणाऱ्या पात्राला त्याने काही फरक पडत नाही, पण आंदोलनाचे नाजूक काम नेमके त्याच पट्ट्यात चालते. पहिल्या पायरीत जो फरक मोजला, त्याहून किंचित मोठा डेडझोन पुरे. बहुतेक कंट्रोलरना ३ ते ५ टक्क्यांत भागते. पट्ट्याबाहेरचा भाग ताणून पुन्हा शून्यापासून सुरू करावा: डेडझोन वजा करावा आणि उरलेल्याला (१ − डेडझोन) ने भागावे. हे केले नाही, तर ५ टक्क्यांच्या डेडझोनमधून बाहेर पडताना, बेंड दोन अर्धस्वरांचा असल्यास, सूर एकदम १० सेंटांनी (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) उडी घेतो आणि ती उडी मींडेच्या आरंभालाच ठसक्यासारखी ऐकू येते. याच वेळी स्टीम हा खेळांचा प्रोग्राम पार्श्वभूमीला चालू नाही ना, तेही पाहावे. त्याच्या कंट्रोलर सेटिंगचा थर आपल्या सेटिंगवर चढू शकतो आणि मग आपण कशाशी झगडतो आहोत, हेच कळत नाही.

तिसरी पायरी: आकडे समान अंतराने यावेत

ही पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते, आणि "स्मूदिंग लावले की सूर मध्येच अडकतो" या तक्रारीचे मूळ बहुधा येथेच असते. पुष्कळ प्रोग्राम स्टिक हलली तरच आकडा पाठवतात; स्टिक थांबली की पाठवणेही थांबते. पण स्मूदिंगचे गणित प्रत्येक नव्या आकड्यागणिक एक पाऊल पुढे सरकते. आकडे येणे थांबले की ते इच्छित सुराच्या अलीकडेच उभे राहते, आणि शुद्ध गंधारावर पोहोचायचे ते थोड्या उतरलेल्या गंधारावर थांबते. म्हणून शेवटचा आकडा धरून ठेवावा आणि घड्याळाच्या ठोक्याने तो पुन्हा पुन्हा पुढे पाठवावा. प्युअर डेटा किंवा मॅक्स या संगीताच्या प्रोग्रामिंग साधनांमध्ये हे मेट्रो या वस्तूने होते, दर ४ मिलिसेकंदांनी. पायगेममध्ये हालचालीच्या घटनेची वाट न पाहता ठरावीक अंतराने अक्षाची स्थिती स्वतः विचारावी.

चौथी पायरी: गुणांकात नव्हे, वेळेत विचार करावा

सर्वांत सोपे स्मूदिंग एका ओळीचे असते: नवे मूल्य = जुने मूल्य + क × (आलेले मूल्य − जुने मूल्य). येथे क हा ० ते १ मधला आकडा; तो १ असेल तर स्मूदिंग नाही, आणि लहान होत जाईल तसे ते वाढते. बहुतेक जण हा क कानाने फिरवून ठरवतात आणि तिथेच फसतात, कारण क चा अर्थ आकडे किती वेगाने येतात यावर अवलंबून असतो. दर ४ मिलिसेकंदांनी आकडा येत असेल, तर क = ०.१८ म्हणजे सुमारे २० मिलिसेकंदांचे स्मूदिंग. तोच ०.१८ ब्राउझरमध्ये नेला, जिथे स्टिक बहुधा पडद्याच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला ६० वेळा, वाचली जाते, तर तो ८० मिलिसेकंदांहून अधिक होतो. वाद्य तेच, आकडा तोच, आणि तरी हात जड झाल्यासारखा वाटतो. म्हणून आधी वेळ ठरवावी आणि क त्यावरून काढावा: क = १ − ई^(−आकड्यांमधील अंतर ÷ स्मूदिंगची वेळ), यात ई म्हणजे २.७१८.

तयार वस्तू वापरतानाही हे भाषांतर करावे लागते. मॅक्सच्या स्लाइड या स्मूदिंगच्या वस्तूमध्ये क उलटा लिहिलेला असतो, म्हणजे ०.१८ च्या जागी ५.५. सुपरकोलायडर या ध्वनीच्या प्रोग्रामिंग भाषेतला लॅग अंतिम मूल्याच्या ०.१ टक्का जवळ पोहोचायला लागणारा वेळ मागतो, आणि तो वरच्या वेळेच्या सुमारे ६.९ पट असतो. त्यामुळे २० मिलिसेकंदांचा परिणाम हवा असल्यास तेथे ०.०२ नव्हे, ०.१४ लिहावे लागतात.

पाचवी पायरी: एकदा स्थिर सुराने, एकदा गमकेने तपासावे

सुरुवात २० मिलिसेकंदांनी करावी. तानपुरा लावावा, स्टिक अर्ध्यावर नेऊन दहा सेकंद धरावी आणि ऐकावे. सूर कापत असेल, तर ५-५ मिलिसेकंदांनी वेळ वाढवावी आणि कंप ऐकू येईनासा झाला की लगेच थांबावे. पडद्यावरचा आकडा अजून हलतो आहे म्हणून आणखी वाढवू नये. इलाज कानाचा करायचा आहे, आकड्याचा नाही.

आता दुसरी परीक्षा. स्टिक सेकंदाला सहा वेळा, गमक घेतल्यासारखी, एकाच रुंदीने हलवावी आणि ती रुंदी आवाजात किती उरते ते पाहावे. याचे गणित ठरलेले आहे. २० मिलिसेकंदांना हेलकाव्याची सुमारे ८० टक्के रुंदी शिल्लक राहते, ५० ला ४७ टक्के आणि १०० ला अवघी २६ टक्के. म्हणजे बोट एका अर्धस्वराचा हेलकावा देत असते आणि ऐकणाऱ्याला पाव अर्धस्वराची पुसट लहर मिळते. वादकाला हे पटकन समजत नाही. तो नकळत बोट जास्त हलवू लागतो आणि महिन्याभराने त्याचा हातच बिघडलेला असतो. थरथर आणि गमक या दोन्ही हालचालीच आहेत आणि फिल्टरला त्यांच्यातला फरक फक्त वेगावरून कळतो. त्यामुळे जी वेळ थरथर पूर्ण पुसते, ती गमकेलाही थोडेफार खातेच. माझा कल नेहमी गमक वाचवण्याकडे असतो. थोडा कापरा सूर सरावाने ठाम होतो, खाल्लेली गमक सरावाने परत येत नाही.

डेव्हिड वेसल आणि मॅथ्यू राइट या संशोधकांनी संगणकावरील वाद्यांसाठी १० मिलिसेकंदांची विलंबमर्यादा सुचवली होती, आणि त्यातला चढउतार १ मिलिसेकंदाच्या आत असावा, असेही म्हटले होते. सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या गतीला २५६ नमुन्यांचा ऑडिओ बफर (आवाज बाहेर पडण्याआधी साठवला जाणारा तुकडा) एकटाच ५.८ मिलिसेकंद घेतो, हे लक्षात घेतले तर हात किती आखडता ठेवावा लागतो ते कळते. आधीच लागलेला सूर ओढताना २० मिलिसेकंद मागे राहिले तर ते खपून जाते. सूर छेडण्याच्या क्षणी खपत नाही. म्हणून बटणांवर आणि सूर सुरू करणाऱ्या ट्रिगरवर हे स्मूदिंग मुळीच लावू नये.

दोन्ही परीक्षा एकदम पास होत नसतील तर

थरथर घालवायला ४० मिलिसेकंद लागतात आणि गमकेला २० पेक्षा जास्त परवडत नाहीत, अशी कोंडी झाली की वेगानुसार बदलणारे स्मूदिंग वापरावे. गेरी कासिये, निकोला रुसेल आणि डॅनियल व्होगेल यांनी २०१२ मध्ये मांडलेला वन युरो फिल्टर याच कामाचा आहे: स्टिक संथ असताना तो भरपूर गाळतो, ती वेगात गेली की स्वतःहून सैल पडतो. त्याचे दोन नॉब एकदम फिरवू नयेत. आधी बीटा (वेगानुसार सैल पडण्याचे प्रमाण) शून्यावर ठेवावा, किमान कटऑफ (ज्याहून जलद हेलकावे गाळले जातात ती सीमा) १ हर्ट्झवर; स्टिक स्थिर धरून किंवा अगदी संथ हलवून कंप जाईपर्यंत कटऑफ खाली आणावा. मग गमक घेत घेत, रखडणे थांबेपर्यंत बीटा वाढवावा. दुसऱ्याचा बीटा उसना घेऊ नये, कारण आकडे −१ ते +१ मध्ये आहेत की ० ते २५५ मध्ये, यावर तो पार बदलतो.

सहावी पायरी: सोडतानाचा झटका

अंगठा उचलला की स्प्रिंग स्टिकला मध्यावर फेकते, आणि ती क्षणभर पलीकडच्या बाजूला जाऊन मग स्थिरावते. आवाजात हे षड्जावर उतरताना खाली लागलेल्या कणासारखे ऐकू येते, तेही प्रत्येक वेळी, राग कोणताही असो. यासाठी परतीची वेळ जाण्याच्या वेळेपेक्षा मोठी ठेवावी, समजा जाताना २० आणि येताना ४० मिलिसेकंद. स्लाइडमध्ये आणि सुपरकोलायडरच्या लॅगयूडीमध्ये चढ आणि उतार यांना वेगळे आकडे देता येतात, मात्र येथे एक खाच आहे: त्यांच्या लेखी चढ म्हणजे आकडा वाढणे, मध्यापासून दूर जाणे नव्हे. पिच बेंडची स्टिक डावीकडे गेली की आकडा घटतो, आणि त्या बाजूला सगळा हिशेब उलटा होतो. म्हणून डावी आणि उजवी बाजू आधी वेगळी करावी, प्रत्येकीचे अंतर धन आकड्यात घेऊन स्मूदिंग करावे आणि मग दोहोंची वजाबाकी करावी.

सातवी पायरी: क्रम आणि पायऱ्या

सगळ्याचा क्रम असा ठेवावा: डेडझोन, स्मूदिंग, मग हवा असल्यास वक्र (स्टिकच्या हालचालीला सूर किती प्रतिसाद देतो ते बदलणारा), मग सुरांची व्याप्ती आणि अगदी शेवटी मिडीसाठी (वाद्यांमधल्या संदेशांच्या भाषेसाठी) पूर्णांक करणे. पूर्णांक आधी केला, तर स्मूदिंगने भरून काढलेल्या मधल्या जागा वाया जातात.

पिच बेंडला १६,३८४ पायऱ्या असतात, पण आठ बिटांची स्टिक २५६ च पुरवते. बेंड वर-खाली दोन अर्धस्वरांचा असेल, तर स्टिकची एक पायरी सुमारे १.६ सेंटांची पडते, आणि ती कोणाला ऐकू येणार नाही. षड्जापासून पंचमापर्यंत मींड हवी म्हणून बेंड सात अर्धस्वरांचा केला की ती ५.५ सेंटांची होते, बारा केला की ९.४ सेंटांची, अशा वेळी स्मूदिंग पूर्णांकाच्या आधी असणे अटळ ठरते. सिंथच्या फिल्टरचा कटऑफ किंवा आवाजाची पातळी साध्या मिडी कंट्रोलने हलवत असाल, तर पायऱ्या १२८ च मिळतात आणि चेन ओढल्यासारखी खरखर येते. ती घालवण्यासाठी सिंथच्या आत, आवाजाच्या गतीने चालणारी ५ ते १० मिलिसेकंदांची लाइन (एका आकड्यावरून दुसऱ्यावर सरकत नेणारी वस्तू) लावावी आणि स्टिकच्या स्मूदिंगला हात लावू नये.

केबल काढून कंट्रोलर ब्लूटूथवर नेला, तर आकड्यांमधले अंतर बदलते. तेव्हा तिसरी आणि पाचवी पायरी पुन्हा करावी. प्रत्येक जोडणीचे आकडे वेगळ्या नावाने जतन केलेले बरे, नाहीतर कार्यक्रमाच्या आधी घाईने केबल लावली की घरी ब्लूटूथवर जुळवलेले सगळे आकडे पुन्हा शोधत बसावे लागते.