कुकरच्या तीन शिट्ट्या : घरून कॉल घ्यायचं काम धरण्याआधी

"ताई, तुमच्या कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. गॅस बंद करून या, मी थांबतो."

जालन्याकडचे एक काका मला असं म्हणाले तेव्हा मी त्यांचं डीटीएचचं रिचार्ज कुठं अडकलंय ते शोधत होते. काकांच्या मनात काही वावगं नव्हतं. रिचार्ज झालं, काका खूश झाले. नेमका तोच कॉल क्यूएनं, म्हणजे कॉल तपासून गुण देणाऱ्यांनी, ऐकायला काढला आणि शून्य दिलं. शेरा : घरगुती आवाज. त्या महिन्याचा इन्सेंटिव्ह गेला.

मी कराडची. पुण्यात खराडीला तीन वर्षं कॉल सेंटरच्या फ्लोअरवर होते, मार्च २०२० मध्ये बॅग घेऊन गावी आले ती इथलीच झाले. लग्नही इथंच झालं. मराठी आणि हिंदी असे दोन्ही कॉल घेते. विट्याच्या मामेबहिणीला मागच्या महिन्यात अशीच घरून कॉल घ्यायची नोकरी चालून आली. "घेऊ का गं?" असं तिनं विचारलं, आणि हो-नाही एवढ्यावर काही भागेना. फोनवर तिला तुकड्यातुकड्यानं सांगितलं ते इथं एकत्र लिहिते.

आधी घर ऐका

पगाराचं नंतर. जिथं बसणार तिथं मोबाइलचा रेकॉर्डर चालू करून ठेवा, ज्या शिफ्टला बसणार त्याच वेळेत, निदान दोन तास. मग हेडफोन लावून ऐका. घरचे आवाज आपल्या कानाला सवयीनं ऐकूच येत नाहीत. माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये शेजारचा मिक्सर होता, भंगारवाला होता, नळाला पाणी आल्यावर टाकीत पडणारी धार होती. नोव्हेंबर उजाडला आणि उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले. गळीत हंगामात आमच्याकडं दोन-दोन ट्रॉल्या जोडून, हे एवढाले स्पीकर लावून ट्रॅक्टर जातात. गाणं आधी येतं, ट्रॅक्टर मागून. रस्त्याकडची हवेशीर खोली सोडून मी मागच्या धान्याच्या खोलीत गेले ती त्या स्पीकरांमुळं.

खोली लहान आणि सामानानं भरलेली असेल तर उत्तम. रिकाम्या भिंतींत आवाज घुमतो, गिऱ्हाइकाला वाटतं बाई हौदातून बोलतेय. सासूबाईंच्या दोन जुन्या वाकळा मी समोर आणि पाठीमागं दोरीवर टांगल्यात. महागड्या फोमची गरज पडली नाही. पत्र्याची खोली मात्र घेऊ नका. मे महिन्यात भाजून निघाल ते वेगळं, पण जूनपासून पाऊस पत्र्यावर वाजायला लागला की समोरच्याला तुमचा शब्द कळणार नाही.

हेडसेट वायरचा, यूएसबीवाला, तोंडासमोर माइकची दांडी असलेला. ब्लूटूथच्या नादाला लागू नका. ऐन शिफ्टमध्ये चार्जिंग संपतं, आणि बऱ्याच कंपन्या तो चालवूनही घेत नाहीत.

नेट आणि लाइट

शंभर एमबीपीएसचा प्लॅन घ्या, असं केबलवाला सांगेल. कॉलला तेवढं लागतच नाही. एका कॉलला जाताना-येताना साधारण १०० केबीपीएस पुरतात. वेग भरपूर असला तरी नेट मध्येच अडखळलं की तुमचा आवाज तुटतो, म्हणून वायफाय सोडून राउटरपासून लॅपटॉपपर्यंत लॅनची वायर ओढा. दीडशे-दोनशे रुपयांची वायर आणि चार खिळे. माझे तुटक आवाजाचे निम्मे कॉल त्या वायरीनं संपले.

लाइटीचं काय सांगायचं! कोयना धरण आमच्या शेजारच्या पाटण तालुक्यात, वीज तयार होते घाटाखाली पोफळीला, आणि कराडात वळवाचे चार थेंब पडले की अंधार. लॅपटॉप बॅटरीवर चालतो, राउटर बंद पडतो. राउटरचा वेगळा छोटा यूपीएस हजार-बाराशेला मिळतो, तो पहिल्या पगाराची वाट न बघता घ्या. पण एवढं करून भागत नाही, हे मला उशिरा कळलं. माझा राउटर चालू होता आणि नेट गेलेलं, कारण चौकातल्या केबलवाल्याच्या डब्यातलीच बॅटरी मेली होती. कनेक्शन घेतानाच विचारा, "तुमच्या पेटीला बॅकअप किती तासांचा?" तो आढेवेढे घ्यायला लागला तर दुसरा बघा. मोबाइलचं हॉटस्पॉट जोडीला असू द्या, पण सिम वेगळ्या कंपनीचं हवं, आणि हॉटस्पॉटवरून लॉगिन चालतं का हे कंपनीला आधीच विचारून घ्या. काही ठिकाणी चालत नाही.

महावितरणच्या मीटरला तुमचा मोबाइल नंबर जोडून ठेवा. ठरवून लाइट घालवणार असतील तर मेसेज येतो. तो मेसेज पुसू नका. घरची लाइट गेली तर तो वेळ बिनपगारी धरायचा की नाही, यावरून टीएलशी, म्हणजे टीम लीडरशी, कधी ना कधी वाद होणारच. तेव्हा हातात काहीतरी पाहिजे. नोकरी घेताना हाच प्रश्न स्पष्ट विचारा, आणि उत्तर मेलवर मागा. माझे एकदा अर्ध्या दिवसाचे पैसे कापले गेले, कारण सगळं तोंडी ठरलं होतं.

पैशाचा हिशेब

फायदा खरा आहे, पण ऑफर लेटरवर दिसतो तेवढा नाही. पुण्यात माझ्या हातात १९,५०० यायचे. कॉट आणि डबा ७,०००, येणं-जाणं नि वरचं खाणं २,७००. उरायचे ९,८००. आता पगार १८,०००. त्यातून पीएफ १,२०० आणि ईएसआयसीचे, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचे, १३५ कापून हातात १६,६६५. नेटचे ८०० आणि वाढलेल्या लाइटबिलाचे ४५० वजा केले तरी १५,४१५ उरतात. व्यवसाय कर मला नाही. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या बायकांना तो माफ आहे. तुमच्या स्लिपमध्ये तरीही २०० कापलेले दिसले तर लगेच एचआरला लिहा. भावाचे मात्र एवढ्याच पगारात २०० जाणार.

ईएसआयसीच्या कपातीवर चिडू नका. पगार २१,००० पर्यंत असेल तर ती लागू असते, आणि अटी पूर्ण असल्या की बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा त्यातूनच मिळते. खरी चिडायची गोष्ट वेगळी आहे. काही कंपन्या घरून काम करणाऱ्यांना 'कन्सल्टंट' म्हणून घेतात. पीएफ नाही, ईएसआयसी नाही, लॉगिन तासावर पैसे. लाइट गेली, पैसे गेले. पगाराचा आकडा मोठा दिसतो तो त्यामुळं. असलं पत्र हातात आलं तर मी घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका.

आणि नोकरी देताना कोणी 'किटचं डिपॉझिट', 'लॅपटॉपचं कुरिअर', 'ट्रेनिंग फी' म्हणून पैसे मागितले की फोन ठेवायचा. खरी कंपनी पैसे मागत नाही. त्याहून वाईट प्रकार म्हणजे तुमच्याच सिमवरून लोकांना फोन करायला लावणारे, किंवा 'पगारासाठी' म्हणत तुमच्या खात्याचं एटीएम कार्ड मागणारे. त्यात उद्या पोलीस तुमच्या दारात येतात. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितका उशीर, तितका पैसा पुढं सरकतो.

घरून काम म्हणजे तुम्हाला फुकटात दिलेली सवलत, असं काही मॅनेजर ऐकवतात. २०२० आधी नियमच असा होता, की एजंटला घरून बसवायचं तर कंपनीला १ कोटीची बँक हमी द्यावी लागायची. मार्च २०२० मध्ये सवलत मिळाली, त्याच वर्षी ५ नोव्हेंबरच्या दूरसंचार विभागाच्या नव्या सूचनांनी ती हमीच गेली, आणि जून २०२१ मध्ये नियम आणखी सैल झाले. आता हमीही नाही, वर तुमच्या जागेचं भाडं, टेबल, एसी, कॅब हे सगळं कंपनीचं वाचतंय. उपकार वगैरे काही नाही.

पायात चप्पल

सगळ्यात मोठा तोटा कोणी इंटरव्ह्यूत सांगत नाही. तुम्ही घरात दिसता. दिसणारी बाई रिकामी, असा आपल्याकडं हिशेब आहे. "जरा दूध बघ", "दारात कोण आलंय बघ", "दोनच मिनिटं ये". कुकरही मी लावला नव्हता. सासूबाईंनी लावला आणि त्या मंदिरात गेल्या, कारण 'सून आहे की घरात'.

दार लावून बघितलं, पाटी लावून बघितली, भांडून बघितलं. उपयोग झाला तो चपलेचा. बाहेर जायची असते तशी एक नवी कोरी चप्पल मी खोलीत ठेवली, अंगणाला कधी न लागलेली, आणि शिफ्टला बसताना ती पायात घालायला लागले. घरात चप्पल म्हटल्यावर सासूबाई पहिले आठ दिवस धुसफुसल्या. मग त्यांनाच सोपं झालं. आता कोणी विचारलं तर त्या सांगतात, "चप्पल घालून बसलीय, म्हणजे कामावर गेलीय." ब्रेकला बाहेर येतानाही मी चप्पल काढत नाही. पंधरा मिनिटं माझी आहेत, भांड्यांची नाहीत.

तुमच्या घरात चप्पल चालणार नाही कदाचित. पण तोंडानं सांगून भागत नाही, लांबून दिसेल असं काहीतरी लागतं, एवढं माझं मत.

कामाचं काय होतं

फ्लोअरवर अडलं की हात वर करायचा, टीएल धावत यायचा. इथं ग्रुपवर टाइप करायचं, गिऱ्हाईक होल्डवर, आणि एएचटीचा, म्हणजे एका कॉलला लागणाऱ्या सरासरी वेळेचा, काटा पळतोय. माझं टार्गेट २८० सेकंद आहे. पहिल्या महिन्यात मी ४०० च्या खाली आलेच नाही. यावर उपाय एकच सापडला : शिफ्टमधली एक जोडीदारीण. आमच्यात ठरलंय, तिचा मेसेज आला की मी दोन कॉलच्या मध्ये आधी तिला उत्तर देणार, ती मला. कागद-पेन टेबलावर चालत नाही, म्हणून नेहमीच्या वीसेक तक्रारींची उत्तरं कंपनीच्याच नोटपॅडमध्ये परवानगी काढून भरून ठेवलीत. 'सेट-टॉप बॉक्सचं कार्ड काढून, पुसून परत घाला' हे त्यात सगळ्यात वर. निम्म्या टीव्ही त्यानंच चालू होतात.

गिऱ्हाइकाची माहिती घरात असते, हे ओझं वेगळंच. एकदा स्क्रीनवर नाव आलं ते आमच्याच पेठेतल्या दुकानदाराचं. आवाज ओळखीचा, थकबाकी समोर दिसतेय. त्यांनी मला ओळखलं नाही, मी ओळख दिली नाही. संध्याकाळी त्यांच्याच दुकानात साखर घेताना मी पाकिटावरची किंमत वाचत उभी राहिले. घरात कोणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. हे जमणार नसेल तर आपल्या जिल्ह्याचे कॉल नकोत असं मागून बघा. रांगेत येईल तो कॉल घ्यावाच लागतो, हेही धरून चाला.

आणि शिव्या. त्या फ्लोअरवरही बसायच्या. तिथं हेडसेट काढला की शेजारची पोरगी न विचारता चहाचा कप पुढं करायची. इथं एकजण आईवरून बोलला, मी नियमाप्रमाणं दोनदा ताकीद देऊन कॉल बंद केला, समोर सासूबाईंची वाकळ होती आणि पुढचा कॉल लागला. त्या रात्री जेवण गेलं नाही. अशा कॉलनंतर पाच मिनिटं थांबायची सोय आहे का, हे इंटरव्ह्यूत विचारा. विचारल्यानं नोकरी जात नाही. मी सहा वर्षांत तीन कंपन्यांना विचारलं, दोघींनी हो म्हटलं.

बढतीची आशा मात्र कमी ठेवा. माझ्यानंतर लागलेली दोन मुलं टीएल झाली. दोघंही पुण्यात ऑफिसला जाणारी. माझे आकडे त्यांच्यापेक्षा चांगले होते. विचारलं तर 'व्हिजिबिलिटी' असं उत्तर मिळालं. टीएल व्हायचंच असेल तर पहिली दोन वर्षं ऑफिसात काढा, मग घरी या. लहान बाळं, म्हातारी माणसं, लहान गाव, यातलं काही कारण असेल तर घरून करा, आणि हिशेब करून करा.

घसा सांभाळा. कोमट पाण्याचा तांब्या आणि ज्येष्ठमधाची कांडी टेबलावर असते माझ्या. दिवसाला सत्तर-ऐंशी कॉल होतात, शेवटच्या तासाला 'ळ' नीट उमटत नाही.

मामेबहिणीनं परवा रेकॉर्डिंग पाठवलं. दोन तास, सलग खटखट खटखट. विट्यात यंत्रमाग भिंतीला भिंत लावून असतात, तिला ते ऐकूच येत नव्हतं. खोली बदल म्हटलं. काल दुसरं आलं, माळवदावरच्या खोलीतलं. सगळं शांत, फक्त मध्ये दोनदा शेळी ओरडली. तिनं विचारलं, "शेळी चालेल का?"

शेळी चालेल म्हटलं. कुकर मात्र खाली जिन्याजवळ नको.