‘बघते, ट्राय करते’ : श्टुटगार्टला जाण्याआधी एवढं वाचा

जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या पार्टनर युनिव्हर्सिटीच्या व्हिजिटसाठी कॉलेजच्या यादीत नाव लागलं असेल, तर व्हिसा, विमा, फॉरेक्स कार्ड वगैरे सगळं सीनियर्सच्या पीडीएफमधून तुमच्यापर्यंत आलेलंच असणार. फक्त ती पीडीएफ कधीची आहे ते बघा. शेंगेन व्हिसाची (जर्मनीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) फी जून 2024 पासून 90 युरो झाली, आमच्याकडे फिरणाऱ्या पीडीएफमध्ये 80च होती. विमा किमान 30 हजार युरोंचा लागतो. आणि एजंटला पैसे देऊ नका. बोटांचे ठसे द्यायला तुम्हालाच जायचं असतं, कागद तुम्हीच गोळा करायचे असतात. मग तो नेमका कशाचे घेतो, हे मला अजून कळलेलं नाही.

आम्ही पुण्याहून चौदा जण गेलो होतो, मेकॅनिकलचं तिसरं वर्ष, जूनमधले दोन आठवडे. जून बरा, कारण तिकडे उन्हाळी सत्राचे वर्ग साधारण एप्रिलच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत चालतात. मार्च किंवा सप्टेंबरमध्ये गेलात तर इमारती दिसतील, लॅब दिसतील, मुलं फारशी भेटणार नाहीत. तारखा ठरायच्या आधी हे सरांच्या कानावर घालाच. पेंटेकोस्टच्या, म्हणजे ईस्टरनंतर येणाऱ्या एका ख्रिस्ती सणाच्या, आठवड्यातही बऱ्याच ठिकाणी वर्ग नसतात.

वेळापत्रकात ‘10 सी.टी.’ दिसलं तर वर्ग सव्वादहाला. ‘एस.टी.’ असेल तर ठोक्याला दहा. (आपल्या एस.टी.शी याचा काही संबंध नाही, हा विनोद आमच्या ग्रुपमध्ये पंधरा वेळा झाला.) लेक्चर संपल्यावर सगळी मुलं बाकांवर बोटांच्या पेरांनी ठकठक करतात. ती टाळ्यांच्या जागी असते, दचकू नका. पेढे, बर्फी नेऊ नका, दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात न्यायला बंदी आहे. चिक्की न्या. मुंबई आणि श्टुटगार्ट 1968 पासून भगिनी शहरं आहेत ही स्लाइड तिथल्या प्रेझेंटेशनमध्ये सगळेच टाकतात, आम्हीही टाकली. समोरच्या मुलांना ते माहीत नव्हतं, आणि कळल्यावरही फारसा फरक पडला नाही.

आता मूळ मुद्दा. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण अजून आठवलं की कानशिलं तापतात.

तिसऱ्या दिवशी लॅबमध्ये माझ्याबरोबर काम करणारी मुलगी म्हणाली, “गुरुवारी सात वाजता माझ्या हॉस्टेलवर ये, मी जेवण करते. तू शाकाहारी ना?” गुरुवारी संध्याकाळी सरांनी सगळ्यांना इंडियन रेस्टॉरंटमध्ये बोलावलंय, हे मला तेव्हाच माहीत होतं. तरी मी हसून म्हटलं, “अरे वा, येस येस, आय विल ट्राय.” माझ्या डोक्यात ते ‘नाही’ होतं. सोलापुरात शेजारच्या काकू म्हणतात, “या हं एकदा जेवायला,” आपण म्हणतो, “बघू, जमलं की येतो.” काकू त्यावर तांदळाचं एक मापही जास्त टाकत नाहीत. दोघांनाही सगळं कळलेलं असतं.

हिने टाकलं.

शुक्रवारी सकाळी ती नेहमीसारखी आली. रागावलेली नव्हती. “मी साडेआठपर्यंत थांबले,” एवढंच म्हणाली आणि सॅकमधून एक डबा काढून माझ्यापुढे ठेवला. “हा तुझा वाटा.” केझेश्पेट्सले होते, तिकडचा चीज घातलेला घरगुती पदार्थ. चीज थिजून घट्ट झालेलं, वरचा तळलेला कांदा मऊ पडलेला. दुपारी मेन्झामध्ये, म्हणजे त्यांच्या कँटीनमध्ये, मी तो सगळा संपवला. चव आठवत नाही.

नीट समजून घ्या. वार आणि वेळ सांगून बोलावलं की तिकडे ते ‘टेर्मीन’ होतं. डॉक्टरकडची वेळ असते त्यालाही हाच शब्द. तुम्ही ‘हो’ म्हणालात की ते कॅलेंडरमध्ये जातं. ‘ट्राय करते’ याचा अर्थ ती शब्दशः घेते: ही प्रयत्न करणार आहे, म्हणजे बहुतेक येणार, नाही जमलं तर कळवेल. आपल्याकडे ‘बघते’, ‘नक्की’, ‘हो हो’ यांचे अर्थ सुरावर ठरतात. तो सूर इंग्रजीत उतरत नाही, जर्मनमध्ये तर नाहीच. म्हणून सरळ म्हणा: “गुरुवारी नाही जमणार. शनिवारी चालेल?” कारण सांगायची गरज नाही. मला हे वाक्य आरशासमोर म्हणून बघावं लागलं. हसू नका, तुम्हालाही लागेल.

उलट बाजूही तेवढीच धोक्याची. कुणी “कॉफी घेणार?” विचारलं आणि तुम्ही रीत म्हणून “नको” म्हणालात, तर किटली उचलून आत जाते. दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही. मी दोन दिवस कॉफीविना काढले आणि वर त्यांना कंजूष म्हणत होते. आमच्यातल्या एकाने चिक्कीचा आग्रह तिसऱ्यांदा केला, तेव्हा समोरचा मुलगा अक्षरशः खुर्ची मागे सरकवून बसला. त्यांचं ‘नाही’ पहिल्यांदाच पूर्ण असतं. त्यात राग शोधू नका.

याला थोडे आमचे सरही कारणीभूत होते, असं माझं मत आहे. “सगळे एकत्र राहा, एकट्याने कुठे जाऊ नका.” त्यांची जबाबदारी मला कळते. पण चौदा जण एका टेबलावर मराठीत बोलत बसले की तिथल्या कुणाची जवळ यायची हिंमत होत नाही. दोघं-दोघं जा, आणि कुठे जाताय ते सरांना लिहून द्या, ते ऐकतात. भाषेला घाबरू नका, तिथल्या मुलांचं इंग्रजीही आपल्याइतकंच अडखळतं. पुण्यात मॅक्समुल्लर भवनला ए-वन, म्हणजे जर्मनची पहिली पातळी, केलं असेल तर उत्तम. नसेल तर त्यासाठी व्हिजिट सोडू नका.

आणि माझ्यासारखी चूक झालीच तर लपू नका. मी दोन दिवस लिफ्ट टाळून जिन्याने जात होते. शेवटी शनिवारी जाऊन सांगितलं की आमच्याकडे ‘ट्राय’ म्हणजे ‘नाही’. ती बराच वेळ हसली. मग म्हणाली, “आधी सांगितलं असतंस तर मी सातलाच जेवले असते.” मी तिला रविवारी सातला पोह्यांना बोलावलं.

रविवारी तिकडे दुकानं बंद असतात, म्हणून कांदे शनिवारी संध्याकाळीच आणले, कोथिंबीर तुर्की दुकानातून. पोहे आणि शेंगदाणे घरून नेलेले होते. सातला दोन मिनिटं असताना बेल वाजली तेव्हा मी अजून कांदाच चिरत होते. तिने न विचारता दुसरी सुरी घेतली.

ताट पुढे केल्यावर तिने काट्याने वरची कोथिंबीर एका बाजूला सारली. “ही मला आवडत नाही,” म्हणाली आणि बाकीचं सगळं खाल्लं. मी आग्रह केला नाही.