पुढारी भांडत असताना संपाचं रेशन कसं चालवायचं

आमच्या कारखान्यातला संप 39 दिवस चालला. बाराव्या दिवशी अध्यक्ष आणि सरचिटणीसांचं वाजलं. गेटवर दोन मांडव पडले, दोन लाउडस्पीकर लागले. मी मदत समितीचा खजिनदार होतो, त्यामुळे शिव्या दोन्हीकडून खाल्ल्या. तेव्हा चुकत-माकत जे शिकलो ते सांगतो.

मदतीचा पैसा युनियनच्या खात्यात ठेवू नका. भांडण पेटलं की 'खरे पदाधिकारी आम्हीच' असं दोन्ही गट बँकेला लिहून देतात आणि बँक खातं अडकवून मोकळी होते. आमचं तसंच झालं, आणि आठवडाभर वाण्याला तोंड दाखवायची सोय उरली नाही. समिती वेगळी करा, खातंही वेगळं काढा. पाच माणसं पुरेत: दोन्ही गटांचा एकेक, बाकीचे तीन असे की ज्यांना युनियनच्या निवडणुकीत उभं राहायचंच नाही. पैसे काढताना दोघांच्या सह्या.

यादी कामगाराच्या तिकीट नंबरावरून (हजेरीच्या नंबरावरून) करा. घरात खाणारी तोंडं किती, आजारी कोण, भाडं थकलंय का, एवढंच लिहा. 'कुठल्या मांडवात बसतो' हे विचारलंत की रेशनचं राजकारण झालंच म्हणून समजा. कंत्राटी पोरांना यादीत घ्या. आम्ही आधी घेतलं नव्हतं. त्यातले बरेच जण पोटासाठी आत गेले आणि आम्ही त्यांनाच संपफोडे म्हणत बसलो. रोख वाटू नका. तांदूळ, तूरडाळ, तेल, मीठ, चहा पावडर द्या, तेही गेटवर नको. गणपती मंडळाची खोली मागून घ्या. रोजचा जमाखर्च संध्याकाळी फळ्यावर खडूने लिहा.

खानावळवाल्यांची उधारी आधी फेडा. 1973-74 च्या गिरणी संपात गिरणगावातल्या बायकांनी कामगारांना उधारीवर जेवू घातलं, पण त्या स्वतः वाण्याच्या आणि सावकाराच्या कर्जात बुडालेल्या होत्या. प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांना घेऊन.

आता पुढाऱ्यांचं. कोणाचं भाषण जोरात, यापेक्षा करारावर सही करायचा हक्क कोणाचा, हे आधी वकिलाकडून समजून घ्या. 18 जानेवारी 1982 ला मुंबईतला गिरणी संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार दत्ता सामंतांच्या मागे होते, पण 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने मान्यता, म्हणजे करारावर सही करायचा हक्क, राष्ट्रीय मिल मजदूर संघ या दुसऱ्या युनियनकडे होता. माझे वडील तेव्हा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकाम विभागात होते. गावी भात लावत बोलावण्याची वाट पाहत राहिले.

संप चालू असताना अध्यक्षपदाची निवडणूक घेऊ नका, असं माझं मत. फक्त बोलणीला कोण जाणार ते ठरवा: प्रत्येक खात्याचा एक माणूस, चिठ्ठ्या टाकून, मोजणी सगळ्यांसमोर. बोलणीहून आल्यावर त्याने आपल्या खात्यात येऊन सांगायचं, मांडवात नाही.

आणि एका वाटपाचं रेशन बाजूला ठेवा. संप मिटला की सगळे गुलाल उधळतात, पण पुढचा पगार हातात यायला महिना जातो.