घोड्याच्या स्नायूचा तुकडा तपासायला पाठवण्याआधी

क्वार्टर हॉर्स जातीची घोडी हलक्या फेरीनंतरच घामाने डबडबते, पुठ्ठे दगडासारखे कडक होतात, पाय उचलत नाही, लघवी कॉफीच्या रंगाची होते. असं पुन्हा पुन्हा घडत असेल, तर बायोप्सीचा, म्हणजे स्नायूचा तुकडा काढून तपासण्याचा, विचार करण्याआधी आयाळीचे थोडे केस मुळासकट उपटा आणि जनुकीय चाचणीला पाठवा. पीएसएसएम म्हणजे स्नायूत विकृत पॉलिसॅकराइड (साखरेच्या रेणूंची लांब साखळी) साठण्याचा आजार. त्याच्या पहिल्या प्रकाराला कारणीभूत असलेला जीवायएस-१ जनुकातला बदल २००८ मध्ये सापडला. तेव्हापासून त्या आजाराच्या निदानासाठी जनावराला चिरा द्यावा लागत नाही. चाचणीत काही निघालं नाही आणि त्रास मात्र चालूच राहिला, तर तुकडा काढायची तयारी करा.

व्यायामानंतर ४ ते ६ तासांनी रक्त घेऊन सीके आणि एएसटी ही स्नायूला इजा झाल्यावर रक्तात वाढणारी एन्झाइम्स दोन्ही तपासून घ्या. सीके लवकर चढतो आणि लवकर उतरतो, एएसटी मागून चढून बरेच दिवस टिकतो. त्यामुळे आकड्यासोबत वेळ लिहिलेली नसेल, तर त्या आकड्याचा फारसा उपयोग नाही.

कोणता स्नायू घ्यायचा, हे प्रयोगशाळेला आधीच फोन करून ठरवा. पीएसएसएमसाठी मांडीच्या मागचा सेमिमेम्ब्रेनोसस घेतात. ई-जीवनसत्त्वाच्या कमतरतेची किंवा मोटर न्यूरॉन (स्नायू हलवणाऱ्या चेतापेशींच्या) आजाराची शंका असेल, तर शेपटीच्या मुळाजवळचा. चुकीच्या जागेचा तुकडा गेला तर अहवाल स्वच्छ येतो आणि मालक उगाच निश्चिंत होतो, याची मला फार काळजी वाटते. वयही पाहा. दोन वर्षांखालच्या शिंगरात पीएसएसएमचं विकृत पॉलिसॅकराइड अजून साठलेलंच नसतं.

भुलीचं इंजेक्शन फक्त कातडीखाली द्या. सुई स्नायूत गेली की तंतू बिघडतात आणि ती इजा आजारासारखी दिसते. तुकडा साधारण दोन सेंटीमीटरचा, तंतूंच्या दिशेने कापलेला हवा, आणि चिमट्यात चिरडलेला नको. सलाइनमध्ये भिजवून घट्ट पिळलेल्या गॉजमध्ये तो गुंडाळा. गॉज हाताला ओलसर लागावं, पण दाबलं तरी थेंब पडता कामा नये. जास्तीचं पाणी राहिलं तर प्रयोगशाळेत गोठवताना बर्फाचे स्फटिक तयार होतात आणि तंतूंना भोकं पडतात. कडक डबीत ठेवून भोवती बर्फाच्या पिशव्या लावा, पण घरच्या फ्रीझरमध्ये कधीच ठेवू नका. नमुना दुसऱ्या दिवशी पोचला पाहिजे, म्हणून आठवड्याच्या सुरुवातीलाच पाठवा. शुक्रवारी पाठवलेला तुकडा शनिवार-रविवार कुरिअरच्या गोदामात पडून राहतो.

दुसरा छोटा तुकडा फॉर्मलिनमध्ये ठेवा, पण तेवढ्यावर भागवू नका. तंतूंचे प्रकार ओळखायचे एटीपेज आणि एनएडीएच हे रंग जिवंत एन्झाइमवर चालतात, आणि फॉर्मलिन त्यांना मारतं. ताजा तुकडा प्रयोगशाळा द्रव नायट्रोजनने थंड केलेल्या आयसोपेंटेनमध्ये क्षणात गोठवते. मग पीएएस नावाच्या रंगात ग्लायकोजेन (स्नायूतला साखरेचा साठा) गडद किरमिजी दिसतं. त्याच पेशींच्या दुसऱ्या कापावर अमायलेज हे साखरसाठा पचवणारं एन्झाइम टाकलं की साधं ग्लायकोजेन विरघळून जातं, विकृत पॉलिसॅकराइड मात्र तसंच चिकटून राहतं. पीएसएसएमची सर्वांत भक्कम खूण हीच. घोडा अरबी किंवा वॉर्मब्लड असेल, तर डेस्मिन या स्नायूतंतूतल्या प्रथिनाचा रंगही मागून घ्या.

फॉर्मवर जात, वय, खुराक, कामाचं वेळापत्रक, शेवटचा झटका कधी आला आणि रक्ताचे आकडे लिहा. धनुर्वाताची लस झाली आहे ना, तेही पाहा. टाके असतील तोवर घोड्याला दिवसभर तबेल्यात कोंडू नका. पीएसएसएमच्या घोड्याला सक्तीची विश्रांतीच बाधते. छोट्या कुंपणात हळूहळू फिरू द्या, आणि अहवाल येईपर्यंत धान्य बंद ठेवून गवतावरच ठेवा.