तीन सेलच्या लिथियम पॅकसाठी सुरक्षित चार्जर

कळव्यात आमच्या इमारतीतल्या भजनी मंडळाच्या स्पीकरचा अडॅप्टर हरवला. कुणीतरी स्कूटरच्या बॅटरीचा चार्जर त्याला लावला. तो १४.४ व्होल्टपर्यंत चढतो आणि आतला लिथियम पॅक १२.६ च्या वर न्यायचा नसतो. पॅकमधल्या बीएमएसने, म्हणजे सेल जपणाऱ्या सर्किटने, वेळीच पुरवठा तोडला म्हणून निभावलं. पण बीएमएस म्हणजे चार्जर नव्हे. ती शेवटची भिंत आहे, आणि रोज भिंतीला धडकवून गाडी थांबवत नाहीत.

आमच्या पॅकमध्ये १८६५० मापाचे, प्रत्येकी २६०० एमएएचचे सहा सेल आहेत. दोन-दोन पॅरलल, आणि अशा तीन जोड्या सिरीजमध्ये. साधा लिथियम-आयन सेल ४.२ व्होल्टला भरतो, म्हणून तिनाचे १२.६. लेबलवर आयर्न फॉस्फेट लिहिलं असेल तर इथले आकडे वापरू नका. तो सेल ३.६५ लाच भरतो.

सामान थोडं आहे: जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर, व्होल्टेज खाली आणणारं आणि व्होल्टेज-करंट दोन्ही बांधता येणारं एक्सएल४०१५ मॉड्यूल, ५ अँपिअरचा फ्यूज, ४५ अंशांना उघडणारा, म्हणजे जोडणी तोडणारा, थर्मल स्विच. सगळं लॅमिंग्टन रोडला मिळतं; दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा, मल्टिमीटर मात्र चांगला घ्या.

आधी पॅक तपासा. तिन्ही जोड्यांचं व्होल्टेज वेगवेगळं मोजा. एखादी २ व्होल्टच्या खाली गेली असेल, सेल फुगला असेल किंवा गोडसर रसायनाचा वास येत असेल, तर तो पॅक चार्ज करायचाच नाही. पॅकमध्ये बॅलन्स करणारा, म्हणजे तिन्ही जोड्यांचं व्होल्टेज सारखं ठेवणारा, बीएमएस नसेल तर आधी तो बसवा. त्याच्या तारा खालून वर, म्हणजे बी-मायनसपासून (पॅकच्या मायनस टोकापासून) क्रमाने जोडायच्या.

आता मॉड्यूल. पॅक न जोडता अडॅप्टर लावा आणि व्होल्टेजचा स्क्रू फिरवत आउटपुट १२.६० वर आणा. मग करंटचा स्क्रू पूर्ण कमी करा, मीटरची लाल तार १० अँपिअरच्या खाचेत घाला, दोन्ही टोकं आउटपुटला लावा आणि हळूहळू २ अँपिअरवर आणा. ५२०० एमएएचच्या पॅकला एवढा करंट सोसतो. काम झालं की लाल तार लगेच व्होल्टच्या खाचेत परत! तशीच राहिली आणि तुम्ही पॅक मोजायला गेलात, तर मीटरमधून पॅक थेट शॉर्ट होतो. ही चूक माझ्या हातून एकदा झाली आहे. मीटरचा फ्यूज उडाला म्हणून हात वाचला.

फ्यूज पॅकच्या प्लस टोकाशी, जितका जवळ तितका चांगला. थर्मल स्विच मधल्या सेलला कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणाऱ्या टेपने) चिकटवून अडॅप्टरच्या प्लस तारेत घ्या. सेल तापला की पुरवठाच बंद. चार्जिंगची तार बीएमएसच्या पी-प्लस आणि पी-मायनसला (बाहेरच्या टोकांना) जोडायची, थेट सेलला कधीच नाही.

मॉड्यूलवरचा दिवा रंग बदलतो तेव्हा लोकांना वाटतं, चार्जिंग थांबलं. थांबलेलं नसतं, दिवा फक्त करंट घटल्याचं सांगतो. म्हणून सॉकेटला टायमर लावा. पावसात लाइट गेली तर पॅकची चार्जिंगची तार मॉड्यूलपासून काढून ठेवा, नाहीतर पॅक उलटा मॉड्यूलमध्ये झिरपत राहतो.

पहिलं चार्जिंग दिवसा, समोर बसून करा. लादीवर ठेवा, गादीवर नको, सोफ्यावर नको. फ्लॅटच्या दाराजवळच्या पॅसेजमध्ये तर मुळीच नको, कारण आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते. आमचा करंट बराच वेळ २ वर राहिला, मग उतरत गेला. पाव अँपिअरच्या आसपास आला की काढायचं. पॅक हाताला कोमट लागेल. चटका बसला तर तिथेच थांबा.

शेवटी तिन्ही जोड्या पुन्हा मोजल्या: ४.१९, ४.१९, ४.१७. एवढा फरक चालतो. तो ०.१ च्या वर गेला तर कुठला सेल दगा देतोय ते शोधा. बॅलन्सिंगवर सोडू नका, ते फार सावकाश चालतं. बाद झालेल्या सेलच्या टोकांना टेप लावा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या, घंटागाडीत टाकू नका.